सान्ता रुफिनाचे पाणी

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. विद्यापीठाच्या आवारात, हॉटेल व्यवस्थापनाच्या नव्या इमारतीसमोर, सिमेंटच्या चौथऱ्यावर मला बसवले आहे. अंगाला पिवळा तेलरंग फासला आहे. मधल्या सुट्टीत मुलेमुली माझ्या पाठीवर साल्तेन्या नावाच्या करंज्या ठेवून खातात आणि आतला गरम रस्सा माझ्यावर सांडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खाणाऱ्या मुलांचा गलका मला आवडतो. पण माझ्या पोटात आता पाण्याचा थेंब नाही, आणि पाण्यावाचून पंप म्हणजे नुसता लोखंडाचा गोळा.

परवा एक पोरगा मला थोपटून म्हणाला, "हे कसलं यंत्र आहे रे?"

"कॉफी दळायचं असेल," त्याचा मित्र म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले.

मलाही हसू आले असते, पण आले नाही. म्हणून ठरवले, आपली गोष्ट आपणच सांगावी.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी झालो. जहाजाने बंदरावर उतरलो, तिथून मालगाडीने डोंगर चढू लागलो. गाडी इतकी उंच चढली, की मला बसवायला आलेल्या परदेशी मेकॅनिकचा घोळणा फुटला. तो बिचारा चार दिवस अंथरुणाला खिळून होता. गावच्या बायकांनी त्याला कोकाच्या पानांचा काढा पाजून उभे केले आणि वर म्हणाल्या, "पंप बरा आहे, मेकॅनिकच नाजूक निघाला."

मला बसवायचे होते सान्ता रुफिना नावाच्या खाणीत. ही कथिलाची खाण. तिच्यातली शीर, म्हणजे खडकामधली कथिलाची रेघ, कंपनीने पार खरवडून संपवली होती. रिकामी खाण तिने विद्यापीठाला देऊन टाकली. कंपनीचे त्यात काही जात नव्हते, पण विद्यापीठाला मात्र घबाड मिळाले. आता मुलांना खाणकाम फळ्यावर शिकवायची गरज नव्हती. खरा खडक, खरा अंधार, खरी दमट हवा हाताशी होती. अडचण एकच होती. सान्ता रुफिनाला खालून पाणी लागत असे, दिवसरात्र, बारा महिने. ते उपसले नाही तर खाण बुडणार. माझी नेमणूक त्यासाठी.

सर्वांत खालच्या बोगद्यात, पाण्याच्या हौदाशेजारी माझी खोली होती. माझी देखभाल करायला कासिमिरो होता. त्याला सगळे ताता कासिमिरो, म्हणजे कासिमिरोबाबा, म्हणत. गालात कोकाच्या पानांचा गोळा, कमरेला पाना, आणि तोंडाने सतत माझ्याशी बोलणे. "काय रे म्हाताऱ्या, आज धाप लागली वाटतं," असे तो मी नवाकोरा असतानाही म्हणत असे. बोगद्याच्या वळणावर मातीचा तिओ बसलेला होता. तिओ म्हणजे काका. खाणीचा खरा मालक तो, डोक्याला शिंगे आणि तोंडात विडी. शुक्रवारी कासिमिरो त्याच्यापुढे पाने ठेवी, दारू शिंपडी, आणि उरलेले चार थेंब माझ्यावर टाकून म्हणे, "काकांचा आशीर्वाद घे." कार्निव्हलच्या शुक्रवारी तर माझ्या गळ्यात रंगीत कागदांच्या माळा असत. मला लाजल्यासारखे होई, पण आतून बरे वाटे.

शिकवायला होते इंजिनियर फोर्तुनातो आयाविरी. तेव्हा ते तरणेबांड होते, आवाज खणखणीत. नवी मुले आली की ते पहिल्या दिवशी त्यांना थेट माझ्याकडे आणत. वह्या पिशवीतच ठेवायला सांगत. "आधी हात," ते म्हणत. "याच्या अंगाला हात लावा. ताप आहे का बघा. थरथर सारखी आहे का बघा. आजारी यंत्र ओळखता आलं नाही, तर पुस्तकं पाठ करून काय करणार?" मग एकेकाने मला बंद करून, पोटात पाणी भरून, पुन्हा चालू करायचे. पाणी न भरता बटण दाबले की मी हवा धरतो आणि नुसता घरघरतो. ज्याला मी पहिल्या झटक्यात चालू होई, त्याच्या डोक्यावर कासिमिरो शिरस्त्राणभर थंडगार पाणी ओती आणि त्याला एक नाव देई. कुणी बेडूक, कुणी घुबड. पुढे हीच मुले मोठ्या खाणींची साहेब झाली, तरी गावात आली की बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना त्याच नावाने हाक मारत.

ते माझे सुखाचे दिवस, मित्रांनो. मी पाणी वर फेकत होतो आणि वर्गातून इंजिनियर बाहेर पडत होते. दोन्ही कामे कधी थांबतील असे वाटतच नव्हते.

मग एका वर्षी कथिलाचा भाव कोसळला. थोडाथोडका नाही, पार तळाला गेला. सरकारी खाणी बंद झाल्या. माणसे ट्रकमध्ये गाद्या, भांडी, कोंबड्या घालून शहराकडे निघाली. कासिमिरोचे दोन्ही भाऊ असेच गेले. ज्या गावात खाणच नाही, तिथे खाणकाम कोण शिकणार? वर्ग ओस पडला. मोजकी तीन पोरे उरली, तीही बहुधा दुसरीकडे प्रवेश न मिळालेली.

एक दिवस खुद्द कुलगुरू खाली माझ्या खोलीपर्यंत आले. त्यांचे चकचकीत बूट चिखलात रुतले होते.

"इंजिनियर, तीन पोरांसाठी हा रेडा रात्रंदिवस चालवायचा?" माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "भाव चढला की पुन्हा सुरू करू की."

"भाव पडतो तसा चढतो, डॉक्टर," आयाविरी म्हणाले. "पण हा पंप बंद केलात तर पाणी फक्त चढेल. मग भाव चढेल तेव्हा शिकवू कुठे? तुमच्या दिवाणखान्यात?"

कासिमिरो खोकल्याचे निमित्त करून हसला. कुलगुरूंनाही हसू आले, आणि बहुधा त्यामुळेच मी वाचलो.

पण वाचणे म्हणजे काय, ते आयाविरींनी सोसले. त्यांचा पगार निम्मा झाला. ते सकाळी परिचारिकांना गणित शिकवत, दुपारी सुतारशाळेत नकाशे काढायला शिकवत, आणि संध्याकाळी त्या तीन पोरांना घेऊन खाणीत येत. माझे बेअरिंग गेले तेव्हा नवे मिळेना. कासिमिरोने बंद पडलेल्या एका खाणीतून जुने काढून आणले. अशी वर्षांमागून वर्षे गेली. कधी तीन मुले, कधी पाच, कधी दोन. आयाविरींचे केस पांढरे झाले.

आणि भाव चढला. खरोखरच चढला! बंद खाणी उघडल्या. कंपन्या माणसे शोधू लागल्या तेव्हा त्यांना सापडली ती मंदीच्या काळात सान्ता रुफिनात शिकलेली मूठभर मुले. बेडूक एका मोठ्या खाणीचा प्रमुख झाला. वर्गात इतकी गर्दी, की पोरे खिडकीत बसत. मला नवे बेअरिंग मिळाले, हिरवा रंग मिळाला. कुलगुरू बदलले होते. नव्या कुलगुरूंनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढला.

तेव्हा आयाविरींनी एक मागणे मागितले होते. "हे दिवस राहणार नाहीत," ते परिषदेत म्हणाले. "आताच्या कमाईतून खाणीपुरतं थोडं बाजूला ठेवा. पुन्हा मंदी येईल तेव्हा कुणापुढे हात पसरावे लागू नयेत." लोक हसले. म्हातारा सणाच्या दिवशीही रडतो, असे कुणीतरी म्हणाले. विद्यापीठाने फुटबॉलचे मैदान बांधले. दिव्यांच्या खांबांसकट. मैदान छान आहे, खोटे कशाला बोलू.

मंदी आलीच. या वेळी ती हळूहळू आली, म्हणून कुणाला भीती वाटली नाही. खिडकीतली पोरे आधी गेली, मग मागचे बाक रिकामे झाले, मग पुढचे. विद्यापीठ परिषदेने ठराव केला, की ज्या वर्षी एकही विद्यार्थी खाणीच्या आतला सराव पूर्ण करणार नाही, त्या वर्षाअखेर हा अभ्यासक्रम बंद आणि खाणीची वीजही बंद.

"एकही म्हणजे एक तर पुरे," आयाविरी कासिमिरोला म्हणाले. "एक तर मिळेलच."

एक मिळाली. तिचे नाव सुलेमा तार्की.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या डोंगरात बाई खाणीच्या आत जात नसे. बाहेर, टाकाऊ दगडांच्या ढिगांवर बसून हातोडीने दगड फोडायचे आणि कथिलाचा कण वेचायचा, हे काम बायकाच करत. सुलेमाची आजी जन्मभर तेच करत आली होती. पण बोगद्याचे तोंड ओलांडायचे नाही. बाई आत आली की धरणीआई पाचामामा रुसते आणि शीर आत ओढून घेते, अशी सगळ्यांची समजूत. बाहेरच्या जगात ती विरत चालली होती, पण आमच्या बोगद्यात घट्ट होती. कारण खाणीत शिरायचे तोंड आमचे आणि शेजारच्या सहकारी संस्थेच्या खाणकऱ्यांचे एकच होते. ते बिचारे उरलेसुरले खरवडून पोट भरत.

माझ्याच खोलीत, माझ्याच आवाजात, ते बोलणे झाले.

"ताता, सोमवारपासून ती पोरगी आत येईल," आयाविरी म्हणाले.

कासिमिरोने चघळणे थांबवले. "बाई? आत?"

"विद्यार्थिनी आहे."

"पँट घातली म्हणून पाचामामाला कळायचं नाही होय? शीर जाईल, इंजिनियर."

"कुठली शीर? आपली तर मी इथे यायच्या आधीच संपली."

"आपली संपली. शेजाऱ्यांना अजून आशा आहे. ते सांगून गेलेत, बाई आत गेली तर आम्ही बोगद्याच्या तोंडावर दगड वाहायच्या वाघिणी आडव्या लावू. मग मीही आत येऊ शकणार नाही आणि हा म्हातारा बंद पडेल." त्याने मला थोपटले. "आणि खरं सांगू का? मलाच धीर होत नाही. इतकी वर्षं काकांनी सांभाळलं. या दिवसांत त्यांना डिवचायचं?"

मी मनात म्हणत होतो, बोला, इंजिनियर, कुलगुरूंना बोललात तसे बोला. पण ते थकले होते. कुलगुरूंशी, मंत्र्यांशी, कथिलाच्या भावाशी भांडता भांडता माणूस घरच्यांशी भांडायचे विसरतो. आणि मला वाटते, शुक्रवारच्या त्या शिंपडलेल्या थेंबांची भीती त्यांच्याही मनात होती.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "या वर्षी तिचा सराव बाहेरच घेऊ. परिषदेला मी समजावीन. पुढच्या वर्षी वातावरण निवळलं की आत आणू."

तर सुलेमा बाहेर राहिली. मी तिला पाहिले नव्हते, पण ओळखू लागलो. मी वर फेकलेले पाणी लोखंडी पाइपातून बोगद्याच्या तोंडाशी पडत असे. ती तिथे उभी राहून ते मोजी, त्याचा रंग बघे, चव घेऊन थुंके. आणि पाइपाला कान लावे. लोखंडातून आवाज दूरवर जातो, मित्रांनो. मला तिचा श्वास ऐकू येई.

एकदा कासिमिरो जेवायला बाहेर गेला, तेव्हा ती म्हणाली, "ताता, तुमचा पंप खोकतोय."

"वय झालं त्याचं. माझंही झालंय."

"तुमचं काय ते डॉक्टर बघतील. पण तो हवा धरतोय. ग्लँडची दोरी झिजली असणार, आजच्या आज बदला."

"बाहेर बसून आतलं कळतं होय गं तुला?"

"मग आत सोडा, आतूनच सांगते!"

कासिमिरो तडक निघाला. खाली येऊन त्याने माझ्या फिरत्या दांड्याभोवतीचे ग्लँड उघडले. हवा आत शिरू नये म्हणून तिथे भरलेल्या दोरीचा भुगा झाला होता. तो ती हातात घेऊन नुसता बसून राहिला. त्या दिवसापासून तो रोज बाहेर जाऊन तिला विचारी, "काय म्हणतोय आज म्हातारा?" आणि ती सांगे. तिचे चुकले असे फार क्वचित झाले. मला तर वाटू लागले होते, की एवढी वर्षे मी जिची वाट पाहत होतो ती हीच.

"ताता, एकदाच आत सोडा ना," ती म्हणे.

"पुढच्या वर्षी, पोरी."

"पुढचं वर्ष येईल ना पण?"

"न यायला काय झालं?"

वर्षाअखेरीस परिषद बसली. आमच्याकडे परिषदेत निम्मे शिक्षक असतात आणि निम्मे विद्यार्थी. तिथे काय झाले ते कासिमिरोने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. त्याच्या गालातला गोळा तसाच होता, तो चघळत नव्हता.

"इंजिनियर तासभर बोलले रे. बाहेरचा सराव धरा म्हणाले, पोरगी हुशार आहे म्हणाले. मग एक पोरगा उठला, वकिली शिकणारा. म्हणाला, ती आत का गेली नाही? प्रश्न साधाच होता. इंजिनियर उभेच राहिले. काय सांगणार? पाचामामा रुसते म्हणून? की शेजारी दम देतात म्हणून? ते खाली बसले. बंद करायच्या बाजूने हात वर झाले. सगळ्यांत जास्त हात पोरांचेच होते." तो माझ्या अंगावर डोके टेकवून रडला. "शीर वाचवायला गेलो आपण, म्हाताऱ्या. कुठली शीर रे?"

मी काय बोलणार? मी पाणी उपसत राहिलो.

वीज तोडायच्या दिवशी सकाळी सुलेमा आत आली. कासिमिरोने स्वतः तिला हात धरून आणले. शेजारचे खाणकरी बोगद्याच्या तोंडाशी टोप्या काढून उभे होते, कुणी अडवले नाही. तिओपाशी थांबून कासिमिरो पुटपुटला, "रागावू नका काका, पाहुणी आहे." मागून आयाविरी येत होते, भिंतीला हात लावत.

तिने मला पहिल्यांदा पाहिले. पुढे होऊन तिने माझ्या बेअरिंगवर हात ठेवला. तिचे तळवे खरबरीत होते. माझ्या अंगावर इतके हात पडले, पण असा हात पडला नव्हता.

"ताप नाही," ती म्हणाली. "ठणठणीत आहे की हा!"

"बटण तू दाब, पोरी," आयाविरी म्हणाले. "वीज कंपनीच्या माणसाने दाबण्यापेक्षा तू दाब."

"मी चालू करणार होते ना, इंजिनियर? सगळे पहिल्या दिवशी चालू करतात." तिने बेअरिंगवरचा हात काढला नाही. "मी बंद करून काय शिकू?"

आयाविरींनी तोंड फिरवले. तिने डोळे पुसले आणि बटण दाबले.

मी थांबलो. त्या खोलीत कधीच शांतता नव्हती. आता पाणी हौदात टपटपताना ऐकू येऊ लागले. कासिमिरोने सवयीने शिरस्त्राण भरले, तिच्या डोक्याजवळ नेले, आणि हात तसाच धरून उभा राहिला. "बंद करणाऱ्यावर ओततात का गं?" त्याने विचारले. त्याने ते पाणी परत हौदात सोडले. सुलेमाला नाव मिळाले नाही.

मला भंगारात जाऊ द्यायचे नाही, एवढाच हट्ट आयाविरींनी शेवटी धरला. शेजारच्या खाणकऱ्यांनी दोर लावून मला ओढून काढले, तेव्हा पाणी माझ्या पायापर्यंत आले होते. तिओला कुणी आणले नाही. पुढच्या थंडीत कासिमिरो गेला. छातीने दगा दिला.

आणि मित्रांनो, भाव चढला. फार वाटही पाहावी लागली नाही. गेल्या महिन्यात एका मोठ्या खाणीचा माणूस विद्यापीठात आला. कार्यालयातल्या लोकांनी त्याच्यासाठी आयाविरींना घरून बोलावले. ते काठी टेकत आले आणि दम लागला म्हणून माझ्या चौथऱ्यावर बसले.

"आमच्या खालच्या बोगद्यांत पाणी भरतंय," तो माणूस म्हणाला. "पाण्यातलं कळणारं माणूस हवंय. तुमची माणसं नेहमी पक्की असायची."

"आता नाहीत."

"नवी तयार करा. आम्ही मदत करू."

"कुठे तयार करू? खाण बुडाली."

"जुन्यांपैकी कुणीच नाही?"

"एक होती," आयाविरी म्हणाले. "बाहेर उभी राहून पाइपाला कान लावायची आणि आतलं दुखणं सांगायची. तिला मी दाराबाहेर ठेवली."

माणसाने तिचा नंबर मागितला. आयाविरींनी स्वतःच फोन लावला. सुलेमा सीमेपलीकडे, इकिकेच्या बाजारात तयार कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. फोनचा आवाज मोठा केलेला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"इंजिनियर! बरे आहात ना? थंडी असेल हो तिकडे. शाल घेता ना?"

त्यांनी खाणीचे, पाण्याचे, नोकरीचे सांगितले. पलीकडे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मी अर्धवट शिकलेली आहे, इंजिनियर. पदवी कुठे मिळाली मला? त्यांना हे सांगितलंत का?"

आयाविरींनी त्या माणसाकडे पाहिले. त्याने ओशाळून मान हलवली. पदवी नसेल तर कंपनीचा नियम आड येतो, असे तो हळूच म्हणाला.

"बघा," सुलेमा म्हणाली. "ठेवते हं, गिऱ्हाईक आलंय. औषधं वेळेवर घ्या."

तो माणूस निघून गेला. आयाविरी अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसले होते. त्यांनी माझ्या बेअरिंगवर हात ठेवला होता, जणू ताप बघत होते.

मित्रांनो, लोखंडाला फार काही मागता येत नाही. माझी एवढीच विनंती आहे. वाईट दिवस तुमच्याही शाळेवर येतील, तुमच्याही गावच्या विद्येवर येतील. तेव्हा सगळे गेले आणि शिकायला एकच पोरगी उरली, तर तिला पुढच्या वर्षी ये म्हणू नका. त्याच दिवशी दार उघडा आणि तिला आत घ्या.